पगार विचारू नका, घर कधीचं ते विचारा

"त्यांना परवडतं कसं हो?" हा प्रश्न मुंबईत तोंडावर कुणी विचारत नाही. लिफ्टचं दार बंद झालं की विचारतात. नवरा खासगी बँकेत, बायको कॉलेजात शिकवते. म्हणजे आपल्या घरी येतात तसेच दोन पगार. तरी त्यांच्याकडे दोन गाड्या, मुलगी आयबी शाळेत, मे महिन्यात युरोप आणि दिवाळीत बाली. मग तर्क सुरू होतात. वरकमाई असेल. शेअरमध्ये लागलं असेल. सासऱ्यांनी दिलं असेल. सगळं कर्जावर असेल, बघालच एक दिवस. या शेवटच्या तर्कात थोडा आनंदही असतो.

अब्जाधीशांबद्दल हे चाललेलं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये हुरुन या संस्थेच्या जगभरच्या अब्जाधीशांच्या यादीत मुंबईने बीजिंगला मागे टाकलं. इथे ९२ अब्जाधीश, तिथे ९१. त्यांना कसं परवडतं हा प्रश्न कुणालाच पडत नाही. प्रश्न पडतो तो आपल्याच मजल्यावरच्या माणसांचा, आपल्याच वर्गात शिकलेल्या मित्राचा, आपल्याएवढाच भविष्यनिर्वाह निधी कापला जाणाऱ्या सहकाऱ्याचा. कारण तिथे हिशेब जुळत नाही.

माझं म्हणणं असं की हा हिशेब पगारात शोधायचाच नसतो. मुंबईत तो घरात असतो. घर कधी मिळालं, कितीला मिळालं आणि कुणाच्या पैशाने मिळालं, एवढं कळलं की दोन गाड्यांचं कोडं बहुतेक वेळा सुटतं. आणि ते घर तसं मिळण्यामागे आजोबांच्या काटकसरीइतकाच, कित्येकदा त्याहून जास्त, सरकारी कायद्यांचा हात असतो. म्हणून हा लिफ्टमधल्या कुजबुजीचा विषय नाही. विधानसभेत आणि महापालिकेत बोलायचा आहे.

आधी साधा हिशेब करू. मानू या, दोन कुटुंबं आहेत आणि दोन्ही घरांत कर कापून महिन्याला अडीच लाख रुपये येतात. एक पार्ल्याचं. आजोबांनी साठच्या दशकात सोसायटीत ब्लॉक घेतला, आता त्या जागी नवी इमारत उभी आहे. दुसरं कांदिवलीचं. त्यांनी गेल्याच वर्षी अडीच कोटींचा टू बीएचके घेतला. पन्नास लाख स्वतःचे घातले, दोन कोटींचं कर्ज काढलं. वर सहा टक्क्यांनी पंधरा लाख मुद्रांक शुल्क. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो जवळजवळ एक लाख चौऱ्याहत्तर हजार. कांदिवलीकरांच्या हातात उरले शहात्तर हजार. त्यात मेंटेनन्स, शाळा, किराणा, आईचं औषधपाणी आणि रेल्वेचा पास.

पार्लेकरांच्या हातात अडीच लाखांतून मेंटेनन्स तेवढा जातो. दोघांतला फरक वर्षाला वीस लाखांच्या वर. युरोप, बाली, दुसरी गाडी आणि शाळेची फी, सगळं त्या वीस लाखांत बसतं आणि थोडं एसआयपीलाही उरतं. वीस वर्षांत कांदिवलीकर बँकेला चार कोटींवर रक्कम भरतील, त्यातली दोन कोटींहून जास्त नुसती व्याजाची. तेवढ्यात पार्लेकरांचं सेवानिवृत्तीचं भांडवल तयार होईल. दोघांनी एकाच कॉलेजात एकाच बाकावर अभ्यास केलेला असू शकतो. दोघंही तितकेच कष्टाळू, तितकेच हुशार असू शकतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण पार्ल्यातलं अंथरूण आजोबांनी घालून ठेवलेलं आहे आणि कांदिवलीतलं अजून दुकानातच आहे, त्याचे पैसे द्यायचेत.

तरीही कुठल्याही हळदीकुंकवात ऐकू येतं ते असं, "त्यांचं प्लॅनिंगच चांगलं आहे हो."

आता हे घर कसं आलं ते बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईत जुनी घरं बहुतेक भाड्याची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. युद्धाच्या काळातली टंचाई, निर्वासितांची गर्दी, त्या वेळी ते योग्यच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धं शतक टिकला. भाडं गोठलं, जागेची किंमत मात्र गोठली नाही. या दोन्हींतली फट पागडीने भरली. भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून रोख रक्कम घेणार, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देणार, पावती नव्या नावावर होणार. कायद्याने हा गुन्हा होता आणि अख्ख्या गिरगावाला, लालबागला, भुलेश्वरला तो व्यवहार तोंडपाठ होता. अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, ते ज्याचं त्याने काढावं.

मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती कोसळायला लागल्या. मग १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला, 'सेस बिल्डिंग' हा शब्द घरोघर रुळला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम आला. जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत फुकट, मालकी हक्काचं घर. बिल्डरला त्या बदल्यात वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, आणि विकायला फ्लॅट. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा गेला नाही असं वाटतं. पण एफएसआय म्हणजे शहराच्या आकाशावरचा हक्क. त्या वाढलेल्या मजल्यांचं पाणी, मलनिस्सारण, रस्त्यावरची गर्दी, शाळा, मैदानं हा सगळा भार शहराने उचलला. पुनर्विकासात मिळालेलं घर बिल्डरने दिलं असं आपण म्हणतो. दिलं शहराने, बिल्डरने बांधलं.

उपनगरातल्या सोसायट्यांत हाच खेळ वेगळ्या कलमांनी चालतो. पुनर्विकासाच्या सभेला एकदा बसून बघाच. एरवी पाण्याच्या टाकीच्या साफसफाईवर दोन तास भांडणारी मंडळी त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर येतात. पीएमसीचा, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा, तरुण माणूस प्रोजेक्टरवर तक्ता दाखवतो. सध्याचा कार्पेट इतका, वाढीव इतके टक्के, बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम म्हणजे कॉर्पस इतका, दरमहा भाडं इतकं, दलालीचा एक महिना, शिफ्टिंगचे दोन वेळचे पैसे. मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "शेजारच्या सोसायटीला चाळीस टक्के मिळालेत, आम्हाला बत्तीसच का?" पार्किंग एक की दोन, यावर आवाज चढतात. तळमजल्यावरचे काका सही करत नाहीत. ते अडून बसलेत, त्यांच्याकडे बिल्डरचा माणूस दोनदा वेगळा जाऊन आलाय म्हणे. या सभेत ज्या रकमांची चर्चा होते, त्या तिथल्या कित्येकांनी आयुष्यभर नोकरी करून साठवलेल्या नसतात. आणि त्या खोलीत एकही माणूस असा नसतो ज्याला वाटतं की हे आपल्याला आयतं मिळतंय. सगळ्यांना वाटतं, कमीच मिळतंय.

हेवा म्हणून हे सांगत नाहीये. ज्यांनी चाळीस वर्षं मजल्याच्या टोकाच्या सामायिक संडासापुढे डबा घेऊन रांग लावली, १६० चौरस फुटांत तीन पिढ्या वाढवल्या, ज्यांची मुलं जिन्यात आणि गच्चीवर अभ्यास करून शिकली, त्यांना मोठं घर मिळालं तर त्यात वाईट काय? बीडीडी चाळींकडे बघा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या आनंदात मीठ कालवायची कुणाची छाती होईल?

पण त्याच गिरणगावातली दुसरी बाजूही आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी संपलाच नाही, विरला. घरात चूल पेटेना तेव्हा कुणी खोली विकून गावी गेलं, कोकणात, साताऱ्याला. कुणी पागडीचे पैसे घेऊन डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला ब्लॉक घेतला आणि आयुष्यभर लोकलच्या दांड्याला लटकलं. कुणी दात-ओठ खाऊन खोली धरून बसलं. बायकोने पोळी-भाजीचे डबे केले, पोरांनी पेपर टाकले, पण खोली सोडली नाही. सख्खे भाऊ असे वेगळे झाले. आज धरून बसलेल्याच्या नातवाकडे लोअर परळला टॉवरमध्ये घर आहे आणि सोडून गेलेल्याचा नातू त्याच टॉवरच्या शेजारच्या काचेच्या ऑफिसात कामाला येतो, पहाटेची फास्ट पकडून. दोघांपैकी कोण जास्त शहाणा होता? १९८३ साली कुणालाच सांगता आलं नसतं. आणि ज्या गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, त्या गिरण्यांतल्या कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आले. घरं मिळाली ती त्यातल्या थोडक्यांना.

घर एकाच हातात राहण्यामागे आणखी एक गोष्ट असते, ती घरातलेही बोलत नाहीत. बहिणी. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देशभर आहे, महाराष्ट्रात तर अविवाहित मुलींना तो १९९४ पासूनच मिळाला होता. तरी वडील गेल्यावर तेराव्यानंतर महिनाभरात हक्कसोडपत्राचा कागद तयार असतो. "माहेर तुटायला नको" म्हणून ताई सही करते. साडी-चोळी होते, जेवण होते. पाच वर्षांनी इमारत पुनर्विकासाला जाते आणि ज्या खोलीवरचा हक्क ताईने सोडला तिचे तीन कोटी होतात. भावाकडची चैन बघून ताईच्या सासरी विचारतात, "तुझ्या भावाला परवडतं कसं गं?" या प्रश्नाचं उत्तर त्या घरात एकट्या तिलाच नेमकं ठाऊक असतं.

घराखालोखाल मोठं असतं ते पेन्शन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मं, त्यावर महागाई भत्ता, तहहयात. आई शिक्षिका, वडील मंत्रालयात किंवा महापालिकेत, दोघं निवृत्त आणि मुलाकडे राहतात. दूध, वर्तमानपत्र, वीज, किराणा, नातवाचा क्लास त्यांच्या पेन्शनमधून जातो. शिवाय नातवाला शाळेतून आणायला आजोबा, संध्याकाळच्या वरण-भाताला आजी. मुलगा-सून आपला पगार अख्खा खर्च करू शकतात, कारण म्हातारपणी त्यांचेच आईवडील त्यांना पोसताहेत. शेजारच्या घरात उलट असतं. वडील खासगी कारखान्यातून निवृत्त, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येतात ते औषधाला पुरत नाहीत, आणि मुलाच्या पगारातून दर महिन्याला एक मोठा लचका तिकडे जातो. बाहेरून दोन्ही फ्लॅट सारखेच दिसतात, दारावर तोरणही तसंच.

परदेशातल्या मुलांच्या डॉलरचं वेगळं सांगायला नको. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा राज्यांमध्ये सगळ्यात मोठा निघाला. त्यात सगळीच मुलांची मनीऑर्डर नसते, पण शिवाजी पार्कातल्या आजी-आजोबांकडे वर्षाआड नवा टीव्ही कुठून येतो ते तिथल्या दुकानदाराला माहीत आहे.

धंदेवाल्यांचं गणित आणखी निराळं. नोकरदार आधी कर भरतो, मग उरलेल्यातून खर्च करतो. धंदा असलेला आधी खर्च करतो, मग उरलेल्यावर कर भरतो. गाडी फर्मच्या नावावर, ड्रायव्हर फर्मच्या पगारपत्रकावर, हॉटेलचं बिल 'व्यवसायवृद्धी'. हिंदू अविभक्त कुटुंबाचा वेगळा पॅन असला की कर दोन ठिकाणी विभागता येतो. मोठ्या कंपन्यांतल्या साहेबांनाही हा आंबा थोडा चाखायला मिळतो. कंपनीची मोठी गाडी ऑफिसला आणि घरगुती कामाला मिळून वापरली, तर करासाठी तिची किंमत वर्षानुवर्षं धरली जायची महिन्याला २,४०० रुपये, आणि ड्रायव्हरसकट ३,३००. मुंबईत ३,३०० रुपयांत महिनाभर गाडी आणि ड्रायव्हर कुठे मिळतो, ते मलाही सांगा. यात बेकायदा काही नाही, नियमच तसा लिहिलेला. नियम कोण लिहितं आणि कुणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितं, हा खरा मुद्दा.

वरकमाई आहेच. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही. जी आहे ती सगळ्यांना दिसते आणि सिद्ध कुणालाच करता येत नाही. फक्त एवढं म्हणेन की दुसऱ्याची चैन दिसली की पहिला संशय वरकमाईचा घ्यायची आपली सवय कायदेशीर आयत्या कमाईला छान लपवते. सगळा राग लाचखोरावर खर्च होतो, नियमाकडे कुणी बघत नाही.

आणि उधारी. ज्यांच्याकडे घर नाही, पेन्शन नाही, ताईने सोडलेला हक्क नाही, तेही त्याच इमारतीत, त्याच शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. मुलाच्या वाढदिवसाला बाकीच्यांनी गेम झोन बुक केलं, तर आपण घरी पावभाजी करून कसं चालेल? फोन ईएमआयवर, सोफा ईएमआयवर, सहलसुद्धा ईएमआयवर. 'नो कॉस्ट' म्हणून विकला जाणारा हप्ता फुकटचा नसतो. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिने विनातारण ग्राहक कर्जांवरची जोखीमभारिता (अशा कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं, त्याचं माप) १०० वरून १२५ टक्क्यांवर नेली, म्हणजे बँकांनी जरा हात आखडावा. त्याआधी २०२२-२३ मध्ये घरगुती निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली होती, कित्येक दशकांतली सर्वांत कमी. 'ऋण काढून सण' ही म्हण पूर्वी उधळ्या माणसाला उद्देशून म्हटली जायची. आता सण दुसऱ्याचा असतो, ऋण आपलं. कांदिवलीचं कुटुंब पार्ल्याच्या कुटुंबाशी पगाराने बरोबरी करतंय आणि फरक क्रेडिट कार्डाने भरून काढतंय. हे त्याला कुणी स्पष्ट सांगितलं नाही, कारण पार्लेकर आपल्या घराची जन्मकथा कुणाला सांगत नाहीत. म्हणून ती उघड बोलायला हवी.

चैनीचा अजून एक भागीदार आहे, तो पहाटे पाचला उठतो. सकाळी स्वयंपाकाच्या मावशी, मग धुण्याभांड्याच्या, मग बाळाला सांभाळणारी मुलगी, संध्याकाळी गाडी धुणारा. पगारदार मध्यमवर्गाला चार-चार माणसं कामाला ठेवता येतात, हे जगातल्या फारच थोड्या महागड्या शहरांत घडतं. इथे घडतं, कारण २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त वस्ती झोपडपट्टीत होती. झोपडी टॉवरला लागून आहे, म्हणून मावशी पावणेसातला दारात असतात. घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये राज्याने कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्याकडच्या मावशींची त्यात नोंदणी आहे का, असं एखाद्या सोसायटीच्या सभेत विचारून बघा. पार्किंगइतका आवाज त्यावर चढणार नाही, एवढं नक्की.

आता आक्षेप. पहिला असा की आजोबांनी पोटाला चिमटा काढून घर घेतलं, ते नातवाला मिळालं, यात शहराला काय देणं? काही अंशी बरोबर. आजोबांचा चिमटा खरा होता. पण त्यांनी भरलेले वीस हजार आणि आजचे चार कोटी यांच्यातला फरक चिमट्याने पडलेला नाही. तो मेट्रोने, उड्डाणपुलाने, वाढलेल्या एफएसआयने आणि शहरात आलेल्या लाखो माणसांनी पडला. या माणसांत तो कांदिवलीकरही आला. त्याच्या मागणीमुळे किंमत चढली आणि ती चढलेली किंमत त्यालाच भरावी लागली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कागदावर कोट्यधीश असलेल्या निवृत्त जोडप्याच्या हातात रोकड नसते. टॉवरचा मेंटेनन्स वीस हजार, कॉर्पसचं व्याज दर वर्षी आटत जाणारं. त्यांच्यावर कर लावला तर ते घर विकून बाहेर जातील आणि मराठी माणूस मुंबईबाहेर जाण्याची जुनी कथा पुढे चालू होईल. हे मला मान्य आहे. राहत्या घरावर हात घालू नये. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ च्या सुरुवातीला माफ झाला, तोही राहू द्यावा.

पण राहतं घर सोडून बाकीची? २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने २०११ च्या जनगणनेच्या आधारे सांगितलं होतं की मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. ज्या शहरात तरुण जोडपं अकरा महिन्यांच्या करारावर दर वर्षी सामान बांधतं, त्याच शहरात ही कुलपं. आणि शहर कुणाची सोय आधी बघतं, तेही लख्ख दिसतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. २०२५ च्या मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. सागरी किनारा रस्ता सुसाट आहे, त्यावर दुचाकीला मज्जाव. चैन परवडते, कारण तिच्या वाटेतले खड्डे सार्वजनिक पैशाने बुजवलेले असतात.

सरकारने घर द्यायचं म्हणजे ते मालकीचंच, ही आपली समजूतही तपासावी. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने चाळी बांधल्या, मग बीडीडीने, स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने कन्नमवार नगर, टिळक नगर, पंतनगर, अभ्युदय नगर उभारलं. मुंबईतल्या मराठी कामगाराला आणि कारकुनाला शहरात पाय रोवता आले ते या सार्वजनिक घरांमुळे. आज ज्यांची नातवंडं सुखात आहेत त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या सुखाचं मूळ सरकारने माफक भाड्याने दिलेल्या खोलीत आहे. मग ती शिडी काढून घेतली गेली. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली खरी, पण पुढे तिचं रूपच पालटलं. आता उरली म्हाडाची सोडत, म्हणजे नशिबाचा खेळ सरकारी शिक्क्यानिशी.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, ऐन निवडणुकीत, वारसा कराचा विषय निघाला आणि आठवडाभर नुसती आरडाओरड झाली. देशात १९५३ पासून मालमत्तेवर मृत्यूनंतरचा कर होता, तो १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. दोन्हींची वसुली कमी आणि कटकट जास्त होती, हे खरं आहे. मला तो सगळा डोलारा परत नको आहे. राज्याच्या हातात याहून सोपी गोष्ट आहे. आज वडिलांनी मुलाला राहण्याचं घर बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर अधिभार लागेल तेवढाच. अनोळखी माणसाने तेच अडीच कोटींचं घर विकत घेतलं तर पंधरा लाख. पहिल्या घराला २०० रुपये खुशाल ठेवा. त्याच कुटुंबातलं दुसरं, तिसरं घर मुलाच्या नावावर होताना मात्र परक्याला लागतं तेच शुल्क लावा, आणि त्या पैशातून भाड्याची सार्वजनिक घरं बांधा, विकायची नाहीत अशा अटीवर. पहिलंच घर घेणाऱ्याचं शुल्क त्याच हिशेबातून निम्मं करा.

असं विधेयक आलं तर सभागृहात त्याला विरोध कुठल्या बाकावरून होईल, याचा अंदाज बांधायला पक्ष बघायची गरज नाही. उमेदवारांची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. 'निवासी इमारती' या रकान्यात किती ओळी भरल्यात, तेवढं मोजलं तरी पुरे.